वहीतली नोंद

कॅनडातल्या एका खेड्यात जाऊन वसलेल्या इंग्रज घराण्यातली जुनी माणसं मी इथे साक्रीत बसून त्यांच्या आजच्या वारसांना ऑनलाइन शोधून देते. काल त्यात दोनच दिवस जगलेली एक मुलगी सापडली. चर्चच्या नोंदवहीत तिचंही नाव होतं.

आज आमची वंशावळ लिहिणारे भाट आले. कडेवरच्या लेकीला सावरत मी सासऱ्यांना म्हटलं, "नाना, आपल्या जुईचं नाव सांगा ना."

नाना हसले. "पोरीनं नाव कसाले? ती परायी शे."

भाटांनी माझ्या नवऱ्याच्या नावाखालची जागा कोरी सोडली. मला त्यांच्यापुढे चहा ठेववेना. नानांनी दिलेलं दान मात्र त्यांनी त्याच पानावर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.



"कालवड एक. रंग पांढरा. नाव मोगरी."