आबांची फर्माईश

अंगदनं जीपसाठी मोठा ॲम्प्लिफायर घेतला आणि पुढच्या सीटखाली बसवला. जन्मभर मेंढरांमागं फिरलेले आबा आता शिव्या घालणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. झालं उलटंच. थंडीच्या दिवसांत बाजाराला निघालं की आबा पुढं बसायचे, गुडघ्यांवरची घोंगडी पार पायांपर्यंत सोडायचे आणि म्हणायचे, "अंगद, वाढव की आवाज."

अंगद गावभर सांगत सुटला, आमच्या आबाला बेस कळतो.

घोर एकच होता. नांदूरघाट यायच्या आत ॲम्प्लिफायर तापून बंद पडायचा, आणि आबांचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हाताऱ्याची हौस मोडू नये म्हणून अंगदनं चौसाळ्याचा मिस्त्री गाठला.

"लई तापतंय बे हे. हवाच लागत न्हाई याला," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं सीटखाली दोन बारके पंखे बसवून दिले.

पुढच्या बाजाराला अंगदनं आवाज पार टोकाला नेला. नांदूरघाट मागं पडलं तरी गाणं चालूच, ॲम्प्लिफायर गारेगार. त्यानं ऐटीत आबांकडं बघितलं.

"बंद कर ती बोंब," आबा म्हणाले.

"कावून? आजवर तर तुमीच वाढवायला सांगत होते."

आबांनी घोंगडी पायांवरून काढून खांद्यावर घेतली.


"आजवर गुडघे शेकत होते."