नावानं हाक

"म्हणा ना, श्रीशैल. शेठ नाही, साहेब नाही. नुसतं श्रीशैल!"

छबुबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. परळीच्या या जिनिंगमध्ये ती सात वर्षं कापसातला कचरा वेचत होती. शेठचा असला हट्ट तिनं कधी पाहिला नव्हता.

जिनिंगचा मालक श्रीशैल कालच पुण्याहून व्यवस्थापनाचं शिबिर करून आला होता. आता परदेशी कंपन्या येणार, जुनी शेठगिरी चालायची नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आल्याआल्या त्यानं फर्मान काढलं. मालक-मजूर हा भेद बंद, आजपासून सगळ्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारायची. पुरुषांनी चाचरत का होईना, मारली. म्हातारे मुनीम धोंडप्पा तर घामाघूम झाले. बायकाही तोंडाला पदर लावून पुटपुटल्या. राहिली ही एकटी.

श्रीशैल भडकला. "ए बाई, इथं आता सगळे समान झालेत. तुला जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस!"

काय ही समता! पहिल्याच दिवशी गरिबाच्या पोटावर पाय द्यायला निघाली. छबुबाईचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. घरात कमावती ती एकटीच.

"का गं, नवऱ्याचं नाव पण श्रीशैलच आहे की काय?" त्यानं हसत विचारलं. पुरुषही हसले.

"माझ्या नवऱ्याचं नाव सुंदरराव हाय."

बायका दचकल्या. नवऱ्याचं नाव असं चारचौघांत, तेही उखाण्याशिवाय, त्यांच्यात कुणी घेतलं नव्हतं. छबुबाई एक पाऊल पुढं आली.

"तुमचं बी घेते की. माझं काय जातंय? पर सगळ्यांनी सगळ्यांला म्हन्लात न्हवं तुमी? मंग आदी तुमी मला हाक मारा. नावानं."

श्रीशैलनं तोंड उघडलं. 'ए बाई'च्या पुढं त्याला काही सुचेना. त्यानं धोंडप्पांकडं पाहिलं. धोंडप्पांनी मान खाली घालून हजेरीचं पुस्तक उघडलं, सात वर्षांपासून चालत आलेल्या तिच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते त्याच्यापुढं धरलं.

तिथं लिहिलं होतं, 'सुंदररावची बायको'.