रिकामी कात्री

येसूनं कात्री पुन्हा पाटाखाली सरकवली आणि पाटावर स्वतः बसली.

समोर काळा कागद पडून होता. बालवाडीच्या बाईंनी त्यावर खडूनं झबलं आखून दिलं होतं. ते कापायचं, मग पांढऱ्या कागदाचे बारीक तुकडे करून हलव्यासारखे खळीनं चिकटवायचे. संक्रांत आठवड्यावर आली होती. बाकीच्या पोरांची झबली भिंतीवर लागली. येसू तेवढी चार दिवस कात्रीला हात लावत नव्हती. शेवटी बाईंनी कागद-कात्री घरी पाठवली. येसूच्या आईला, नर्मदेला त्या म्हणाल्या, "घरी तरी कापू दे तिला. बोटांना वळण लागलं नाही, तर जूनमध्ये पाटीवर अक्षर कसं काढेल?"

"कापत का न्हाईस गं?" नर्मदेनं खळीची वाटी खाली ठेवत विचारलं. "बोट दुखतंय का?"

येसूनं नकारार्थी मान हलवली.

"मग?"

"कात्री वाजली की भांडण लागतंय."

तांदूळ निवडत बसलेली गोजराबाई थांबली. येसूची आजी ती, आणि हे वाक्यही तिचंच. रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं लागतात, असं ती नातीला उठताबसता सांगायची.

"सोमवारी बालवाडीत म्या वाजिवली," येसू खाली बघत म्हणाली. "लई येळा. बाईंनी शिकिवलं तशी बोटं चालवत हुते. मंग तुमी दोघी भांडलात. आन् आजी म्हणली, मी गावाला जाते, परत तोंड दावणार न्हाई."

सोमवारी भांडण झालं होतं खरं. तारापूरच्या बांधकामावरच्या त्या एका खोलीत चौघं राहायची, आणि सासू-सुनेचं वाजल्याशिवाय आठवडा जात नसे. पण या वेळी गोजराबाईनं लुगडी पिशवीत भरली होती. पिशवी अजून खुंटीला तशीच होती. भांडण कशावरून झालं, ते मात्र आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं.

"अगं खुळे," नर्मदा म्हणाली, "आमी काय कात्रीमुळं भांडतो व्हय? आमी तशाबी भांडतो."

येसूला ते पटलं नाही. "आजीच म्हणली," ती म्हणाली, आणि खुंटीवरच्या पिशवीकडं बघत राहिली.

आपला शब्द मागं घेणं गोजराबाईला उभ्या जन्मात कधी जमलं नव्हतं. पण पोरीची नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आण हिकडं ती कात्री."

कात्री हातात आल्यावर तिनं आधी कोनाड्यातल्या देवाकडं बघितलं, मग सुनेकडं. मग डोळे मिटून हवेतच कात्री वाजवली. चांगली दहा वेळा. नर्मदेनं नकळत पदर तोंडाशी नेला.

"वाजिवली. आता बघ काय हुतंय."

"बघते," येसू म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून दोघींवर नजर ठेवून बसली.

संध्याकाळ काही सरेना. नर्मदेचा पाय लागून तांब्या कलंडला आणि निवडलेले तांदूळ भिजले. गोजराबाईचं तोंड उघडलं. येसूनं मान पुढं काढली.

"असू दे," गोजराबाई म्हणाली. "धुवायचेच हुते."

मग गोजराबाईनंच चुलीतलं लाकूड उगीच आत सारलं आणि सुनेची भाकरी करपली. नर्मदेनं ओठ चावला, आणि ती भाकरी आपल्या ताटात घेतली.

येसूचा बाप चंद्रभान कामावरून आला आणि हातपाय धुऊन जेवायला बसला. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इथल्या विहिरीचं पाणी आधीच मचूळ, त्यात नर्मदेनं सगळं लक्ष सासूकडं ठेवून आमटीत मीठ दोनदा घातलेलं. पहिल्याच घासाला तो थांबला.

"अगं, ही आमटी हाय का समिंदर..."

"गप जेव," गोजराबाई म्हणाली. तिनं आपली वाटी पुढं केली. "नर्मदे, वाढ अजून."

"नगा, आत्याबाई," नर्मदा हळूच म्हणाली. "बाधंल."

"वाढ म्हणते न्हवं."

गोजराबाईनं ती आमटी भाकरीत कुस्करून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. नर्मदेनं न सांगता तिच्यापुढं पाणी भरून ठेवलं, आणि तांब्या रिकामा झाल्यावर पुन्हा भरला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासूची तिला आज पहिल्यांदा माया आली.

येसू उठली. कात्रीत अंगठा घालून, जीभ बाहेर काढून ती खडूच्या रेघेवरून काळा कागद कापायला लागली. रेघ सुटायची, पुन्हा सापडायची. एक बाही लांब झाली, दुसरी आखूड. मोठी माणसं जेवता जेवता बघत होती.

झबलं कागदातून मोकळं झालं, तसं तिनं वर बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "उद्याबी वाजिवशील का?"