पहिल्या पानावरचं हसू

नांदूरघाटच्या शिवलिंगआप्पांच्या पापडउद्योगाची वेबसाइट निघणार होती, म्हणून बीडहून फोटोवाला आला. ओसरीवर लाटायला बसणाऱ्या बायका कॅमेरा पाहून ताठ झाल्या. मग त्याची नजर अंगणात सरपण फोडणाऱ्या पंचशीलाकडं गेली.

"आप्पा, हसरा चेहरा दिसला तर गिऱ्हाईक थांबतंय. या बाईलाच बसवा."

"ती भीमनगरातली हाय," आप्पा हळूच म्हणाले. जरा वेळानं त्यांनीच मान हलवली. "बसव. पुण्या-मुंबईत कोण वळखतंय?"

पंचशीला पहिल्यांदाच त्या ओसरीवर चढली. आप्पांच्या पत्नी नीलाक्कांनी तिला आपली इरकली नेसायला दिली, पुढं पोळपाट आणि उडदाच्या लाट्या ठेवल्या. आता सरपणाचं काम सुटणार, या आशेनं लाटता लाटता ती अशी हसली, की वेबसाइटच्या पहिल्या पानाचा फोटो तिथंच ठरला.

ती साडी परत करायला गेली, तर नीलाक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तुलाच घे."

तिला धीर आला. "अक्का, उद्यापास्नं लाटाया येऊ का?"

 

"उद्या सरपण जास्त लागंल," नीलाक्का म्हणाल्या. "अन् जाताना तू लाटलेले पापड तेवढे म्हशीला घाल."