एक भरीव, एक पोकळ

"अहो, जरा खाली बसून बघा ना, दोन्ही एकदम पडतायत का," बाई जेवणाच्या टेबलावर उभ्या राहून म्हणाल्या.

सर गादीशेजारी उकिडवे बसले. बाईंनी बटण दाबलं. शिडीला बांधलेल्या दोन विद्युतचुंबकांनी दोन गोळे एकाच वेळी सोडले. एक भरीव लोखंडी, एक आतून पोकळ. गादीवर एकच धप्प झालं.

"एकदम?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय?"

"म्हणजे एकदमच. पण हाताने सोडण्यात जी मजा आहे ती या बटणात नाही."

"तुमच्या हाताला घाम येतो," बाई खाली उतरत म्हणाल्या.

नवरा-बायको एकाच शाळेत विज्ञान शिकवत. वस्तू जड असो की हलकी, वरून सोडली की दोन्ही सारख्याच वेळात खाली येतात, हे वार्षिक प्रदर्शनात गच्चीवरून दाखवायचा मान आजवर सरांचा होता. प्रयोग झाला की ते अंगणात उभं राहून त्यामागचं कारण सगळ्यांना समजावून सांगत. संस्थेचे अध्यक्ष पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत. लोखंडाच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि शाळेची इमारत त्याच पैशांतून उभी राहिली होती.

यंदा अध्यक्षांचा निरोप आला: या वेळी प्रयोग बाईंना करू दे. आणि निरोपाच्या शेपटीला आणखी एक वाक्य होतं. विज्ञान विभागप्रमुखाचं नाव प्रयोगानंतर लगेच जाहीर करू.

त्या दिवसापासून सरांना घरात बटणाचा आवाज सहन होईना.

तसं हे दुखणं जुनंच होतं. बाईंच्या वर्गातून हसण्याचा आवाज यायचा. सरांच्या वर्गातूनही यायचा, पण सर फळ्याकडे वळल्यावर. बाजारात पालक भेटले की ते बाईंशी बोलत आणि सर पिशव्या धरून उभे राहत. परवा एका बाप्याने तर विचारलं, "तुम्ही बाईंचे मिस्टर ना?" त्याच्या मुलाचे वर्गशिक्षक सरच होते.

"तू विभागप्रमुख झालीस तर माझी रजा तू मंजूर करणार?" सरांनी जेवताना विचारलं.

"अर्ज नीट लिहिलात तर."

सर हसले. ताट मात्र तसंच ठेवून उठले.

प्रदर्शनाच्या दिवशी सर सकाळीच शाळेत पोचले. स्टाफरूमच्या खणात पोरांकडून जप्त केलेलं च्युइंगगम पडलेलं होतं. एकाने भागेना, म्हणून त्यांनी चार तोंडात कोंबली. जबडा इतका कधी फळ्यासमोरही दुखला नव्हता. जिन्यात मुख्याध्यापक भेटले आणि म्हणाले, "काय सर, आज प्रयोग नाही म्हणून नाराज?" सरांनी नुसती मान हलवली. मुख्याध्यापकांना ते फार समंजस वाटलं.

गच्चीच्या दारात बाई समोर आल्या.

"तोंडात काय आहे?"

"लवंग. दाढ ठणकतेय."

"लवंगेला स्ट्रॉबेरीचा वास कधीपासून यायला लागला?"

"नवीन टूथपेस्ट," असं काहीसं पुटपुटत सर गच्चीवर सटकले. बाई माईक आणायला खाली गेल्या. सरांनी पोकळ गोळा कठड्याला बांधलेल्या चुंबकावरून काढला, माथ्यावर गम थापला आणि गोळा परत दाबून बसवला. बोटं एकमेकांना चिकटली. ती सोडवत ते खाली आले आणि अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

बाई गच्चीच्या कठड्याशी आल्या. "एक गोळा जड आहे, एक हलका. आधी नीट बघा. काय झालं ते मी मग सांगते."

अंगणातल्या सगळ्या माना वर झाल्या. बाईंनी बटण दाबलं.

भरीव गोळा वाळूत धाडकन रुतला. पोकळ गोळा वरच राहिला. जरा विचार केल्यासारखा थांबला, डुलला, आणि मग सवडीने खाली आला.

सरांनी कठड्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला होता. घरातली गादी, टेबलावर चढणं-उतरणं, रोजची ती तालीम, सगळं त्या चेहऱ्यावर दिसत होतं. क्षणभर सरांना वाईट वाटलं. क्षण लगेच संपला.

बाई धावतच जिना उतरून आल्या. "साहेब, माफ करा, हे काहीतरी..."

"काही बोलू नका," अध्यक्ष खुर्चीतून उठत म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्ष वाजवतायत म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी वाजवल्या. मुख्याध्यापक वाजवतायत म्हटल्यावर सगळ्या शाळेने वाजवल्या. "विभागप्रमुख बाईच. आजपासून."

बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर सरांच्या चिकट बोटांवर गेली. त्यांनी तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं ते फक्त "थँक यू, साहेब" म्हणायला.

सर खुर्चीतून ताडकन उठले. ते अध्यक्षांच्या मागे मागे वाळूपर्यंत गेले.

"साहेब, पण प्रयोग तर फसला ना?"

अध्यक्षांनी त्यांना कोपराला धरून बाजूला घेतलं. कोणी ऐकत नाही ना बघितलं आणि आवाज खाली आणला.

"फसायचा तो तुमचा, सर. दरवर्षी दोन्ही गोळे एकदमच पडायचे, आणि आम्ही आपले तुमचं मन राखायला टाळ्या वाजवायचो."