उघड्या दाराचं बाळंतपण

"दार उघडं ठेवा!" कळा सोसणाऱ्या सुनेच्या डोक्यावरून थोरल्या राणीसाहेब हेडविग ओरडल्या.

बाहेर बर्फ पडत होतं. वारा कोन्स्तान्साच्या उघड्या पायांना चावत होता आणि त्या पायांकडे झाडून सगळे मंत्री, सरदार आणि बिशप अत्यंत गंभीर चेहऱ्याने बघत होते. आल्टेनब्रुकच्या राणीने चारचौघांत बाळंत व्हायचं, अशी रीत होती. पोर बदललं जाऊ नये म्हणून. लाजेचं म्हणाल, तर ती लग्नाच्या वेळीच संपली होती. सरहद्दीवर तिच्या अंगावरचे माहेरचे कपडेसुद्धा उतरवून घेतले होते.

तिचा नवरा, राजा लुडोल्फ, पानगळीत शिकारीवर घोड्यावरून पडून मेला. आता मुलगा झाला तर तोच राजा. मुलगी झाली तर गादी धाकट्या दिराला, ड्यूक ओट्टोकारला, आणि कोन्स्तान्साची रवानगी मठात. ओट्टोकार पलंगाच्या पायथ्याशीच उभा होता. राज्याभिषेकाचा झगा त्याने आधीच शिवायला टाकला होता.

एका दासीला दया आली. अंथरूण शेकायचं झाकणाचं भांडं तिने आणलं, चांगलं घागरीएवढं. हेडविगनी झाकण उघडायला लावलं, आत निखारेच आहेत ना, ते काठीने ढवळून पाहिलं आणि खेकसल्या, "बाहेर ने!"

"आईसाहेब, गारठून मरेन मी."

"मर. पण आधी मोकळी हो."

लग्नापासून सासू तिच्याशी एक धड शब्द बोलली नव्हती. तिचं नाक, तिचे उच्चार, तिचं ऑलिव्हचं तेल, सगळ्याला नावं ठेवून झाली होती. आता थंडीने मारायचा बेत दिसत होता. दासीने हळूच दार लोटलं, तर म्हातारीने ते काठीने पुन्हा सताड उघडलं.

मग मूल झालं. मुलगा. असा रडला की बिशप जागे झाले.

ओट्टोकारचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मघाशी दार लोटलेलं होतं," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या घराण्याचा कायदाच आहे, बंद दाराआड जन्मला त्याला गादी नाही. काय हो, प्रधानजी?"

प्रधानजींनी सवयीने होकारार्थी मान हलवायला घेतली. कोन्स्तान्साने बाळ छातीशी आवळलं. सासू आता काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. शेवटी पोटचा लेक तो.

हेडविग काठी टेकत ओट्टोकारजवळ गेल्या. त्याची कॉलर नीट केली आणि जेमतेम पलंगापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "काढ की कायदा. तू झालास तेव्हा दार बंद होतं. आणि शेकायचं भांडं आत होतं."