मुंड्याची रेघ

"काल मागे राहत होता, आज नाचायला लागलाय!" मास्तरांनी माऊस टेबलावर आपटला. "आगीतून उठून फुफाट्यात पडलो."

सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. कप नेहमीसारखा अर्धाच भरलेला. मास्तरांनी तो पाहिला आणि एवढ्या वैतागातही टोमणा मारलाच. "दूध आजपण कमी आलं वाटतं?"

"कडक केलाय. अर्धाच पुरे," ती म्हणाली आणि पडद्याकडे न बघता कप ठेवून वळली.

पडद्यावर एका शर्टाचा पॅटर्न होता, ज्यावरून कापड कापतात तो. मुंडा, म्हणजे बाही जोडतात ती वळणदार रेघ, तेवढी राहिली होती. मास्तर ती ठिपके जोडून काढत नसत. खांद्यापासून काखेपर्यंत एका दमात. त्यांच्या मुंड्यावर बाही झोळ न पडता बसते, म्हणून तर निवृत्तीनंतरही कारखान्याचं काम घरी येत होतं. चार वाजता तिकडे कापड कापायला घेणार होते. एकदा का रेघ चुकली की पुढचं काम दुसऱ्याकडे जाणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

गेले आठ महिने पडद्यावरचा बाण हाताच्या मागे रेंगाळत होता. मास्तरांनी माऊस बदलला, त्याखालचं पॅड बदललं, टेबलाची जागासुद्धा बदलली. शेवटी आज सकाळी घरात कुणाला न विचारता कॉम्प्युटरची अख्खी सिस्टीमच अपग्रेड करून टाकली. बाणाचं रेंगाळणं थांबलं. आता तो हाताबरोबर पळत होता, पण रेघ कुरतडल्यासारखी येत होती. मग त्यांनी ड्रायव्हर, म्हणजे माऊस चालवणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला. दोनदा. माऊसची वायर मागच्या खाचेतून काढून पुढच्या खाचेत लावली. चारदा रिस्टार्ट केलं. रेघ तशीच.

"अपग्रेड केलंत?" सून दारातच थांबली. "मला विचारायचं तरी, बाबा."

"का? तुझी परवानगी लागते? ये इकडे, तू चालवून बघ."

"माझे हात ओले आहेत."

"मग पूस."

"मला कुठे येतात तुमचे ते मुंडे-बिंडे!"

"रेघ ओढायला काय अक्कल लागते? बस."

ती बसली. माऊस धरला, जरा थांबली आणि रेघ ओढली. वेडीवाकडी आली. "बघा, माझ्याही हातात नाचतोय. ड्रायव्हरच खराब आहे."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण सवय वाईट. त्यांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी घेऊन मोठ्या केल्या. त्यांच्या रेघेला बारीक, एकसारखे दात होते, करवतीला असतात तसे. सुनेच्या रेघेला तीन मोठे हेलकावे होते आणि मधल्या भागात रेघ अगदी साफ होती. चाळीस वर्षं लोकांच्या रेघा तपासण्यात गेलेली. काढणारा कुठे दमला, कुठे त्याने घाई केली, कुठे चूक लपवली, हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं.

"हे हेलकावे तू मुद्दाम काढलेस."

सुनेने माऊसवरचा हात काढून घेतला.

"पुन्हा काढ. नीट."

"राहू द्या ना, बाबा."

"काढ म्हणतो ना!"

तिने काढली. नवशिक्याची रेघ, मुंडा म्हणून टाकाऊ. पण साफ.

मास्तरांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर डावा दाबून धरला. त्यांना भीती वाटली.

"मग कालपर्यंत माझी सरळ कशी येत होती?"

सुनेने खाली बघतच सांगितलं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक पट्टी असते, हाताची थरथर गाळून टाकणारी. ती तिने शेवटपर्यंत सरकवून ठेवली होती. गाळायला वेळ लागतो, म्हणून बाण मागे राहायचा. आज अपग्रेडमध्ये ती पट्टी पुन्हा शून्यावर आली.

"आठ महिने?"

"हो. डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता. मग काय करणार होते मी?"

"आणि मी आठ महिने या मशीनला शिव्या घालतोय."

"घाला की. तिला कुठे लागतात!" ती म्हणाली आणि कोरडे झालेले हात पुन्हा पुसायला लागली.

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. साडेतीनला पाच कमी. ते खुर्चीत सरळ बसले.

"लाव परत. शेवटपर्यंत."

तिने पट्टी सरकवली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मास्तरांनी खांद्यापासून रेघ धरली. हात काखेपाशी पोचला तेव्हा बाण अजून अर्ध्या वाटेवर होता. रोज नेमके याच जागी ते चिडायचे. आज त्यांनी हात तिथेच ठेवला आणि वाट बघितली. बाण सावकाश आला. रेघ पुरी झाली. कुठे एक दात नव्हता.

चारला दहा कमी असताना फाईल गेली. सुनेने टेबलावरचा थंडगार कप उचलला. मास्तरांनी त्या अर्ध्या कपाकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे.

"दुसरा करून आणते."

"आण," मास्तर म्हणाले. ती दारापाशी पोचली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणि हे बघ, अर्धाच आण."